मोठ्यानं बोला, साहेब

माझ्या वडिलांना ऐकू येत नाही, आणि मी विमानाच्या इंजिनाचा आवाज कमी करण्याचं काम करते. कुठल्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना लोक ही दोन वाक्यं एकापाठोपाठ म्हणतात आणि जरा थांबतात, म्हणजे समोरच्यांनी हळहळावं. वडिलांचं दुःख बघून मुलीनं जगाला शांतता द्यायचं ठरवलं, असं काहीतरी गोड त्यांना त्यातून काढायचं असतं. मी मान डोलावते. खरं सांगायचं तर जगाला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मला आवाजाचा सूड घ्यायचा होता, आणि आवाजापेक्षाही जास्त एका माणसाचा.

तो माणूस म्हणजे वडिलांच्या कारखान्यातले साहेब. आम्ही मूळचे अंबरनाथचेच. आजोबांची भातशेती एमआयडीसीत गेली आणि तिच्या बदल्यात वडिलांना त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या कारखान्यात चिकटवलं. पत्र्याचे डबे आणि ड्रमची झाकणं बनवणारा कारखाना. वडील प्रेस शॉपमध्ये होते. म्हणजे पत्रा ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा येऊन आदळायचा, झाकण तयार. परत पत्रा ठेवायचा. अशी सगळी मशिनं एका शेडमध्ये, एकाच वेळी. शेडच्या टोकाला साहेबांची केबिन होती, जाड दुहेरी काचेची. आत बसलं की पंख्याचासुद्धा आवाज येई, इतकी शांत. आई म्हणायची, आधी जमीन घेतली, मग कान घेतले, आता नाक-डोळे तेवढे राहिलेत.

कानात घालायचे रबरी बोळे कारखान्यात होते. ते केबिनमधल्या कपाटात असायचे. तपासणी अधिकारी येणार असला की सकाळीच वाटले जायचे, आणि तो गाडीत बसून गेला की परत गोळा व्हायचे, कारण माणसं म्हणे ते हरवतात. वडील घरून कापूस न्यायचे. कापसानं काय होणार? पण आई रोज डब्याबरोबर कापसाचा पुंजका बांधून द्यायची, जसा दुसऱ्या घरात लिंबाच्या लोणच्याचा तुकडा बांधतात.

त्या शेडमध्ये तोंडानं बोलून काही उपयोग नसे. म्हणून तिथल्या माणसांनी आपली एक रीत काढली होती. आवाज काढायचाच नाही, नुसते ओठ मोठे मोठे हलवायचे, सोबतीला दोन-चार बोटांच्या खुणा. पत्रा वाकडा आलाय, सुपरवायझर येतोय, जेवायला चल, कुणाच्या घरी पोरगा झाला. सगळं शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनआवाजाचं चालायचं. चेष्टामस्करीसुद्धा. वडील ती सवय घरी घेऊन आले. जेवताना ते आईला नुसत्या ओठांनी 'मीठ कमी' म्हणायचे, आणि आईही त्याच भाषेत 'स्वतः घ्या' म्हणून सांगायची. मी बोलायला शिकले त्याच वेळी तीही शिकले असणार, कारण ती शिकल्याचं मला आठवत नाही. शाळेत माझ्या वर्गात त्याच शेडमधल्या एकाची मुलगी होती. आम्ही दोघी वर्गाच्या दोन कोपऱ्यांतून बाईंवर वाटेल ते बोलायचो आणि बाई म्हणायच्या, किती शांत मुली आहेत.

वडिलांचं ऐकणं हळूहळू गेलं. आधी कुकरची शिट्टी गेली. मग दारावरची कडी. शिवमंदिराच्या जत्रेत गल्लीच्या तोंडाशी भोंगे लागतात, तेव्हा सगळी गल्ली वैतागलेली आणि आमच्या ओटीवर वडील मजेत वाटाणे सोलत बसलेले, तेव्हा आईच्या लक्षात आलं. कारखान्यात भरपाईसाठी अर्ज झाला आणि कारखान्याच्या डॉक्टरांनी वडिलांना तपासलं. तपासून झाल्यावर वडिलांना बाहेर बसवलं आणि डॉक्टर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार बंद झालं.

आणि इथे साहेबांनी ती चूक केली. दार बंद केलं आणि समोरची काच तशीच ठेवली. बाहेर बाकावर एक बहिरा माणूस बसलाय, त्याला काय कळतंय, असं त्यांना वाटलं. वर्षानुवर्षं ते त्या काचेतून शेडकडे बघत होते. पण शेडमधली माणसं एकमेकांशी बोलतात कशी, याकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. वडिलांनी काचेपलीकडचे त्यांचे ओठ सरळ वाचले. साहेब म्हणत होते, "जन्मापासूनचं आहे असं लिहा. घराण्यातच असेल. आपला संबंध नको."

डॉक्टरांनी तसंच लिहिलं.

वडिलांनी शेडबाहेर येऊन युनियनच्या माणसाला सांगितलं की साहेब असं असं बोलले. तो हसायला लागला. बहिऱ्यानं ऐकलं म्हणे, तेही काचेतून! हे त्यानं चहाच्या टपरीवर सांगितलं, टपरीवरून ते आमच्या गल्लीत आलं आणि गल्लीनं ते उचललं. आमच्या समोरच्या काकूंना तर ते इतकं आवडलं की कुणी थाप मारली, कुणी काही अशक्य बोललं, की त्या म्हणायच्या, "व्हय व्हय, बहिऱ्यान आयकला!" पुढे पुढे पोरंही क्रिकेट खेळताना तसं म्हणू लागली. आउट आहे की नाही यावर भांडण झालं की, बहिऱ्यान आयकला. वडील ओटीवर बसलेले असायचे आणि पोरांच्या ओठांवर ते वाक्य त्यांना दिसायचं. त्या शेडमधल्या ज्या लोकांना ओठ वाचता येत होते, त्यांनीही तोंड उघडलं नाही. त्यांनाही नोकऱ्या होत्या.

दुसरा भाग माझ्या वाट्याचा. 'जन्मापासून, घराण्यातच' हे कागदावर राहिलं असतं तर राहो, पण ते काकूंच्या तोंडात होतं. मला बघायला येणाऱ्या दोन घरांना त्यांनी अगदी मायेनं सांगितलं की पोरगी चांगली आहे, हुशार आहे, फक्त कानांचं एकदा बघून घ्या, रक्तात हाय. एका घरातल्या बाईंनी तर पोहे खाता खाता माझ्या पाठीमागे चमचा आपटून बघितला. मी वळले नाही. मुद्दामच वळले नाही. त्या दिवसापासून मी साहेबांवर डूख धरला, आणि नाग धरतो म्हणतात तसा धरला. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. वडील खरं बोलत होते, हे त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं म्हणायला हवं होतं. नुकसानभरपाई नको, नोकरी नको, तेवढंच.

मी इंजिनिअरिंगला गेले. तिथे आवाज म्हणजे काय हे शिकवताना सरांनी सांगितलं की आवाज म्हणजे हवेचं दबणं आणि सुटणं. एक आवाज जेव्हा हवा दाबतो, नेमका त्याच क्षणी दुसऱ्या आवाजानं ती तेवढीच सोडली, तर दोन्ही मिळून काहीच उरत नाही. काट्यानं काटा काढतात तसा आवाजानं आवाज काढता येतो. बाकीची मुलं लिहून घेत होती. मी पेन खाली ठेवला. एखाद्याला मारायचं तर त्याच्याइतकंच व्हायचं आणि नेमकं उलटं व्हायचं, हे मला पुस्तकाशिवायच पटलं होतं.

पहिली चकती मी उल्हासनगरला घेतली. म्युझिकवाली ग्रीटिंग कार्डं आणि दारावरच्या बेला दुरुस्त करणारं एका सिंधी काकांचं दुकान होतं. पितळेची पातळ चकती, तिच्यावर पांढऱ्या चिनी मातीसारखा थर. तो थर म्हणजे पिझो. दाबला की वीज देतो, आणि वीज दिली की स्वतः वाकतो. वीज उलटी दिली की उलटा वाकतो. काकांनी विचारलं, "बेटी, बेल बनानी है क्या?" मी म्हटलं, "नहीं अंकल, बेल बंद करनी है." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बंद करनी है तो वायर काट दे ना," ते म्हणाले, आणि वर दोन चकत्या फुकट दिल्या.

आता मी करते ते काम त्याच चकतीचं मोठं भावंड आहे. अंबरनाथच्याच नव्या औद्योगिक पट्ट्यात एका छोट्या कंपनीची आमची लॅब आहे. विमानाच्या इंजिनात पुढे जो मोठा पंखा असतो, त्याची पाती फिरताना मागच्या स्थिर पट्ट्यांजवळून जातात आणि दर वेळी हवेला एक धक्का बसतो. ते धक्के मिळून एक सलग सूर तयार होतो. विमान उतरताना जी घूंऽ अशी किंचाळी येते, ती बरीचशी त्याची. पंख्याभोवती जो गोल नळा असतो, त्याच्या आतून जाळीचं अस्तर लावून हा सूर शोषतात. पण ते अस्तर जड आणि एकाच प्रकारच्या सुराला सरावलेलं. आम्ही त्या नळ्याच्या आतल्या अंगाला पिझोच्या पातळ पट्ट्या चिकटवतो. एक माइक आधी सूर ऐकतो, कॉम्प्युटर हिशेब करतो, पट्ट्यांना वीज जाते, त्या थरथरतात आणि उलटा सूर सोडतात. पुढे दुसरा माइक काय उरलं ते ऐकत राहतो आणि कॉम्प्युटरला चिमटे काढत राहतो. हे अजून एकाही विमानावर बसलेलं नाही. खऱ्या इंजिनाच्या उष्णतेत आमचा गोंद सुटतो, पट्ट्यांना चिरा जातात, आणि आम्ही परत पहिल्यापासून सुरू करतो. पण लॅबमधल्या नळ्यात सूर मरतो. पहिल्यांदा मेला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र कुणाचा तरी गळा धरून सोडल्यासारखं वाटलं, आणि ते फार छान वाटलं.

एका शनिवारी वडिलांना लॅब दाखवायला नेलं. पंखा सुरू केला. त्यांना ऐकू तर येत नाही, म्हणून त्यांनी तळहात नळ्यावर ठेवला. मी पट्ट्या चालू केल्या. खोलीतला सूर खाली बसला, माझे सहकारी हसून वडिलांकडे बघायला लागले. वडिलांनी हात काढला नाही. मला नुसत्या ओठांनी म्हणाले, "आता जास्त हलतंय."

बरोबर होतं. बाहेरची हवा शांत करायची तर पट्ट्यांना नळा जास्त हलवावा लागतो. मी त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे आवाज गेला नाय. हातान घेतला." आणि नळ्यावर दोनदा थोपटलं, जसं बैलाला थोपटतात.

बदलापूरला सोनिवलीच्या बाजूला जी नवी उंच संकुलं झाली आहेत, त्यांच्यातल्या एका सोसायटीनं मला बोलावलं. मुंबईत उतरणारी विमानं त्यांच्या डोक्यावरून जातात, लोक त्रासलेत, तुम्ही आमच्याच भागातल्या, चार शब्द सांगा. मी गेले. क्लब हाउसमध्ये खुर्च्या मांडलेल्या. सोसायटीचे अध्यक्ष गुच्छ घेऊन पुढे आले, आणि ते साहेब होते.

लहानपणी कारखान्याच्या फाटकाशी लांबून पाहिले होते, तेच. केस गेले होते, पोट आलं होतं, पण बोलताना खालचा ओठ डावीकडे ओढायची लकब तशीच. ती लकब मला कशी माहीत? वडिलांनी ते वाक्य आम्हाला करून दाखवलं होतं, ओठ तसाच डावीकडे ओढून, कितीतरी वेळा. मी गुच्छ घेतला. त्यांनी मला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता.

मी नेहमीचं बोलले. मग ते अध्यक्ष म्हणून उठले. माइक हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही फार सौम्य बोललात. हा आवाज म्हणजे सरळ सरळ अत्याचार आहे हो. दुपारी जरा डोळा लागला की डोक्यावर घूं. अशा आवाजात वर्षानुवर्षं राहिलं तर माणूस बहिरा होईल!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "खरंच होईल?"

"म्हणजे काय? शास्त्र सांगतं! तुम्हीच सांगा सगळ्यांना, सतत आवाजानं कान जातात की नाही?"

"जातात," मी म्हणाले. "तुमच्यासारख्या माणसानं सांगितलं म्हणजे जातातच."

जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे म्हणतात. साहेब वंशाला गेले होते, पण त्यांना अजून काही कळलं नव्हतं. कार्यक्रमानंतर चहा पिताना ते माझ्याजवळ आले. बायको गेल्यापासून झोप येत नाही, रात्रीची तर नाहीच, दुपारची तेवढी यायची, तीही विमानांनी खाल्ली. विमानाचं तुम्ही कराल तेव्हा करा, माझ्या खिडकीचं काही होईल का? मला हो म्हणायला एक क्षणही लागला नाही. त्यांना वाटलं, किती भली मुलगी.

लॅबमधली एक पट्टीसुद्धा मी बाहेर काढली नाही. माझ्या सूडात चोरी मला नको होती. उल्हासनगरला त्याच दुकानात गेले. काका आता थकलेत, मुलगा गल्ल्यावर बसतो. चकत्या घेतल्या आणि घरी बसून तो सगळा संच मी माझ्या हातानं जुळवला. साहेबांच्या बेडरूमच्या खिडकीला आतून एक जादा काच बसवली, तिच्यावर चकत्या चिकटवल्या, एक माइक बाहेर ग्रिलला, एक पलंगाच्या डोक्याशी. फटींना रबर ठोकलं. निम्मं काम त्या रबरानंच केलं, पण ते मी त्यांना सांगितलं नाही. उरलेली घरघर चकत्यांनी खाल्ली. सगळ्या खोलीतली नाही, उशीपाशी, एका डोक्याला पुरेल एवढ्या जागेतली. पण झोपायला माणसाला तेवढीच जागा लागते.

"ट्रायल आहे," मी म्हणाले. "थोडे दिवस वापरून बघा."

दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला. दुपारी जेवून पडले ते चहाच्या वेळेलाच उठले म्हणे. "मॅडम, तुम्ही माझं आयुष्य वाढवलंत." मग रोज फोन. आज झोपलो. आज तर स्वप्न पडलं. आज बायको दिसली. मी दर वेळी म्हणायचे, वा, छान. त्यांना शांततेची गोडी नीट लागू दिली. घाई केली नाही.

मग एका रविवारी पाना-पेचकस घेऊन गेले आणि काच काढायला लागले.

ते बेडरूमच्या दारात उभे. "अहो, हे काय करताय? बिघडलं का?"

"नाही. ट्रायल संपली."

"मग विकत घेतो की! किंमत सांगा."

"किंमत आहे," मी म्हणाले. पेचकस खाली ठेवला. "माझे वडील तुमच्याकडे प्रेस शॉपमध्ये होते. त्यांचं बहिरेपण तुम्ही जन्मापासूनचं करून टाकलंत. आमच्या घरी या. त्यांच्यासमोर बसा. आणि सांगा की कान कारखान्यात गेले आणि खोटं लिहायला तुम्ही सांगितलं. मग काच परत बसवते."

ते पलंगाच्या कडेवर बसले. मग तेच, जे असली माणसं बोलतात. फार जुनी गोष्ट. मला कुठलं आठवतंय. लिहिलं ते डॉक्टरांनी, माझा काय संबंध. "आणि तुम्हाला हे सांगितलं कुणी? केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो."

"काच होती, साहेब. ओठ दिसतात. तुमच्या शेडमध्ये सगळे ओठ वाचायचे."

तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. चूक कळल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, हे मला तोवर नीट माहीत नव्हतं. त्यांना माझ्या वडिलांबद्दल वाईट वाटत नव्हतं, याची मला खात्री आहे. ते मनातल्या मनात त्या केबिनमध्ये परत जाऊन आणखी कोण कोण काय काय वाचून गेलं असेल, ते आठवत होते. "मीही नोकरच होतो," शेवटी ते म्हणाले. "वरून सांगितलेलं असायचं."

मला त्यांची दया येईल का, असं मी स्वतःला विचारलं. आली नाही. काच काढली, रबर उपटलं, माइक खिशात घातला. त्याच वेळी वरून एक विमान गेलं, आणि ते मी शप्पथ ठरवून आणलं नव्हतं. याला कुणी ब्लॅकमेल म्हणेल. म्हणो बापडा.

किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत, पण फार गेले नाहीत. शांतता मुळात नसली तर माणूस कसाबसा राहतो. चाखून काढून घेतली की राहवत नाही. फोन आला. आवाज बारीक झाला होता. "कधी येऊ?"

"रविवारी सकाळी," मी म्हणाले. रविवारी सकाळी आमची गल्ली भरलेली असते.

वडिलांना मी आदल्या दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून, म्हणजे बघून घेतलं. सकाळी पांढरा सदरा घालून ओटीवर खुर्ची टाकून बसले. समोर दुसरी खुर्ची ठेवली. मी म्हटलं, आत बसूया. ते म्हणाले, "आत अंधार हाय."

साहेब आले. गाडी गल्लीत शिरत नाही, म्हणून मंदिराच्या बाजूला ठेवून चालत आले. समोर काकू दारात सूप घेऊन सुकट निवडत बसल्या होत्या. नळावर बायका होत्या. पोरांचं क्रिकेट चाललेलं. साहेब खुर्चीवर बसले, इकडेतिकडे बघितलं, पुढे वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "हे बघ, तुझे कान कारखान्यातल्या आवाजानं गेले. ते लिहायला मीच सांगितलं होतं. झालं ते झालं."

सकाळचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर होतं. वडिलांपासून हातभर अंतर. याहून स्पष्ट ओठ वडिलांना आयुष्यात मिळाले नसतील.

वडिलांनी कानामागे हात धरला. "काय? मना आयकू नाय आला."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. वडील कानामागे हात कधीच धरत नाहीत. त्यांना समोरच्याचं तोंड लागतं, कान नाही. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नव्हती. मग मला कळलं.

"मोठ्यानं बोला, साहेब," मी म्हणाले. "त्यांना ऐकू येत नाही."

साहेबांनी घसा साफ केला. "तुझे कान," ते जरा चढून म्हणाले, "कारखान्यात गेले!"

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या.

"काय म्हनता? नाय ओ आयकू येत."

"अजून मोठ्यानं," मी म्हणाले. "आणि तुझे काय? तुमचे म्हणा. तुमच्यापेक्षा मोठे आहेत ते."

साहेब लाल झाले होते. उठून जातील असं मला वाटलं, आणि गेले असते तर त्या खिडकीला मी पुन्हा कधी हात लावला नसता, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते उठले खरे, पण उभं राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "तुमचे कान आमच्या प्रेसनं घेतले! जन्मापासूनचं लिहा, असं डॉक्टरांना मीच सांगितलं! तुम्ही काचेतून बघितलं ते खरं होतं!"

क्रिकेट थांबलं. शेवटच्या घरातले लोकसुद्धा दारात आले. काकूंचं सूप मांडीवरून कलंडलं आणि सुकट ओट्यावर सांडली, तरी त्या हलल्या नाहीत. मी काकूंकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं, पोह्यांच्या चमच्यासकट सगळं आठवून. त्यांनी मान खाली घातली.

"हां," वडील म्हणाले. "आता आला. बसा. चाय घ्या."

साहेबांनी अर्धा कप चहा घेतला. कपाचा कान त्यांच्या बोटात नीट बसत नव्हता. मी सांगितलं, उद्या दुपारी येऊन काच बसवते. त्यांनी मान हलवली आणि कुणाकडे न बघता गल्लीतून निघाले. बसवली मी दुसऱ्या दिवशी. शब्द दिला होता. नीट बसवली. पण तो रविवार अजून संपला नव्हता.

ते वळणावर दिसेनासे झाल्यावर मी वडिलांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं, "पहिल्यांदा बोलले तेव्हाच कळलं होतं ना?"

"तवाच समाजला," वडीलही नुसत्या ओठांनी म्हणाले. मग डोळ्यांनी समोरचं काकूंचं दार दाखवलं, नळ दाखवला, हातात बॅट धरून उभी राहिलेली पोरं दाखवली. "पन यांना कुठं समाजला व्हता?"

मी हसायला लागले. ते हसले नाहीत. त्यांनी साहेबांची खुर्ची ओढून घेतली, तिच्यावर पाय ठेवले आणि या वेळी आवाज काढून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "परत आला तर सांग त्याला, बाबांना नीट आयकू आला नाय."